चाळणे आणि निवडणे
घरच्या इंटरनेटवरील सुरक्षा-फिल्टरांची एक तपासणी

गहू दळायला देण्याआधी आपण तो चाळतो आणि मग निवडतो. या दोन कामांत मोठा फरक आहे. चाळणीला फक्त आकार कळतो. गव्हाच्या दाण्याएवढा खडा तिला गहूच वाटतो, आणि बारका पण चांगला दाणा मातीबरोबर खाली पडतो. निवडणाऱ्या माणसाला मात्र खडा आणि दाणा वेगळे दिसतात. म्हणून चाळून झाल्यावर निवडावे लागते, आणि चाळणीखाली काय पडले तेही एकदा पाहावे लागते.

घरच्या इंटरनेट जोडणीवर बसवलेला सुरक्षा-फिल्टर ही अशीच एक चाळणी आहे. ती चाळणी आहे याबद्दल आमची तक्रार नाही. ती निवडते असे भासवून विकली जाते, आणि खाली पडलेले पाहायला कुणी सांगत नाही, ही आमची तक्रार आहे. मुलांचा अभ्यास, पालकांची चौकशी, शिक्षकांची तयारी यांतले बरेचसे आता या चाळणीतून जाते. तेव्हा तिची तपासणी शिक्षकांनी करायलाच हवी.

चाळणीला काय दिसते?

घरात फिल्टर एकाच जागी नसतो. ब्राउझर स्वतः काही संकेतस्थळांबद्दल धोक्याची सूचना देतो. अँटिव्हायरसमध्ये वेगळा फिल्टर असतो. राउटरमध्ये पालकांसाठी म्हणून तिसरा असतो. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधून देणारी डीएनएस नावाची सेवा असते, तिथे चौथा असू शकतो. जोडणी पुरवणाऱ्या कंपनीकडे पाचवा. एखादे पान उघडले नाही तर यांतल्या कुणी अडवले हे सहसा लगेच कळत नाही.

यांतल्या प्रत्येकाची दृष्टी वेगवेगळी असते. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध असते. पाकिटावरचा पत्ता दिसावा पण आतले पत्र दिसू नये, तसे हे असते. राउटरमधल्या किंवा डीएनएसमधल्या फिल्टरला संकेतस्थळाचे नाव कळते, पण त्यातले कोणते पान उघडले ते कळत नाही. ज्ञानकोशातले एक पान नको असेल तर त्याला सबंध ज्ञानकोशच बंद करावा लागतो.

फिल्टर नावाऐवजी नुसता क्रमांक पाहत असेल तर परिस्थिती आणखी बिकट होते, कारण एकाच क्रमांकावर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. २०१३ साली ऑस्ट्रेलियात एका सरकारी नियामक संस्थेने गुंतवणूकदारांना फसवणारे एक संकेतस्थळ बंद करण्यासाठी त्याचा क्रमांक अडवायला सांगितला. त्यासरशी त्याच क्रमांकावरची सुमारे १,२०० निरपराध संकेतस्थळेही बंद पडली. त्यांत मेलबर्नमधल्या एका मुक्त विद्यापीठाचे संकेतस्थळ होते. हे उदाहरण घरातले नाही, पण तत्त्व तेच आहे. उपकरणाला जेवढे बारीक दिसते त्याहून बारीक निवाडा ते करू शकत नाही.

अक्षरे आणि अर्थ

सर्वांत जुनी पद्धत शब्द शोधण्याची. नको असलेल्या शब्दांची यादी करायची, आणि त्यातला एखादा दिसला की अडवायचे. १९९६ साली एओएल या कंपनीची नावनोंदणी यंत्रणा इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या रहिवाशांना सभासद करून घेईना. गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात चार अक्षरांचा एक अश्लील शब्द दडलेला आहे, एवढेच कारण. तेव्हापासून अशा चुकीला संगणकशास्त्रात ‘स्कनथॉर्प समस्या’ असेच नाव पडले आहे.

ही समस्या जुनी झाली असे समजू नये. २०१४ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या संगणक-खेळाची नवी आवृत्ती काहींना उतरवून घेता येईना. शोध घेता एका फाइलच्या नावावर संशय आला. त्यात दोन शब्द जोडलेले होते. पहिल्याचे शेवटचे अक्षर ‘एस’, दुसऱ्याची पहिली दोन ‘ई’ आणि ‘एक्स’. तिघे शेजारी आले आणि फिल्टरच्या दृष्टीने ‘सेक्स’ हा शब्द तयार झाला.

मराठीत याची कल्पना करून पाहू. समजा, एखाद्याने ‘स्तन’ हा शब्द यादीत घातला. मग सातवीच्या मुलाला ‘सस्तन प्राणी’ हा धडा मिळणार नाही. बाळंतिणीला स्तनपानाची माहिती मिळणार नाही. स्तनांच्या कर्करोगाची तपासणी कशी करावी हे सांगणारे पान अडेल. आणि गंमत म्हणजे ‘अस्तनीतला निखारा’ हा वाक्प्रचारही अडेल, कारण अस्तनीतही तीच अक्षरे त्याच क्रमाने येतात. उलट, खरोखर घाणेरडा मजकूर लिहिणारा माणूस एखादे अक्षर मुद्दाम चुकवील किंवा रोमन लिपीत लिहील आणि सहीसलामत निसटेल. दाण्याएवढा खडा चाळणीतून कसा सुटतो, तसेच हे.

यादी कुणी केली?

आताचे बहुतेक फिल्टर संकेतस्थळांच्या तयार याद्या वापरतात. जुगार, हिंसा, प्रौढांसाठी, फसवणूक असे वर्ग पाडलेले असतात आणि प्रत्येक संकेतस्थळाला एखादा वर्ग दिलेला असतो. ही वर्गवारी बरीचशी यंत्रे करतात, थोडी माणसे करतात. आपण राउटरवर ‘प्रौढांसाठी’ या शब्दापुढे बरोबरची खूण करतो तेव्हा आपण निर्णय घेतला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या शब्दाचा अर्थ दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेला असतो.

क्लाउडफ्लेअर या कंपनीने १ एप्रिल २०२० रोजी घरांसाठी मोफत फिल्टर असलेली डीएनएस सेवा सुरू केली. त्याच दिवशी लोकांच्या लक्षात आले की समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींना माहिती व आधार देणारी संकेतस्थळेही तिच्यात अडत आहेत. कंपनीने याद्या बाहेरून घेतल्या होत्या. त्यांतल्या एका यादीतला ‘प्रौढांसाठी’ हा वर्ग कंपनीला हवा होता त्यापेक्षा बराच व्यापक होता, आणि तोच चुकून जोडला गेला. कंपनीने चूक जाहीरपणे मान्य करून ती त्याच दिवशी सुधारली, हे तिच्या बाजूने नमूद करायला हवे. पण चूक लगेच लक्षात आली ती जगभर अनेकांनी एकदम बोंब मारली म्हणून. एखाद्या घरात एखादेच पान अडते तेव्हा बोंब मारणारे कुणी नसते.

३१ जानेवारी २००९ रोजी तर गूगलने सबंध इंटरनेटच धोकादायक ठरवले. घातक संकेतस्थळांच्या यादीत एका माणसाच्या हातून नुसती एक तिरकी रेघ नोंदली गेली. ही रेघ प्रत्येक पत्त्यात असतेच. त्यामुळे पाऊण तासाच्या आसपास शोधात सापडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पानाखाली ‘याने तुमच्या संगणकाला अपाय होऊ शकतो’ अशी सूचना झळकत राहिली.

नव्व्याण्णव टक्क्यांचे गणित

“आमचा फिल्टर ९९ टक्के अचूक आहे” असे कुणी सांगितले तर आपण काय समजावे? सोयीसाठी काही कल्पित आकडे घेऊ. एका शाळेतल्या सगळ्या घरांतून मिळून एक लाख पाने उघडली गेली. त्यांतली १०० खरोखर वाईट, बाकी ९९,९०० चांगली. फिल्टर १०० पैकी ९९ वाईट पाने पकडतो, आणि चांगल्या पानांपैकी फक्त एक टक्का चुकून अडवतो. म्हणजे ९९ वाईट पाने अडली, आणि ९९९ चांगली पानेही अडली. एकूण अडलेली १,०९८. त्यांतली खरोखर वाईट किती? दर अकरांत एक.

यात फिल्टर बनवणाऱ्याने खोटे काहीच सांगितलेले नाही. चांगली पाने मुळातच फार जास्त असतात, म्हणून त्यांतला एक टक्कादेखील वाईट पानांच्या दसपट भरतो. दुर्मीळ रोगाच्या चाचणीतही हेच घडते. त्यामुळे ‘अडले’ या एका गोष्टीवरून ‘वाईट आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि दहा वेळा खोटी सूचना पाहिलेला माणूस अकराव्या वेळची खरी सूचनाही बाजूला सारतो. म्हणजे चुकीची अडवणूक शेवटी सुरक्षिततेच्याच मुळावर येते.

न दिसणारी चूक

वाईट पान सुटले तर ते दिसते, घरात आरडाओरडा होतो. चांगले पान अडले तर ते दिसत नाही. ज्याला ते हवे होते तो निमूट परत जातो. एक चूक मोजली जाते आणि दुसरी मोजलीच जात नाही. त्यामुळे फिल्टर विकणाऱ्याला जाळी अधिकाधिक घट्ट करत जाणे परवडते.

डिसेंबर २०१३ मध्ये बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ कार्यक्रमाने ब्रिटनमधल्या घरगुती फिल्टरांची चाचणी घेतली. एका कंपनीच्या फिल्टरने एडिंबरामधल्या, बलात्कार व लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांना मदत करणाऱ्या केंद्राचे संकेतस्थळ अश्लील ठरवले होते. दुसऱ्या एका कंपनीचा फिल्टर घरगुती हिंसाचारासाठीची मदत-सेवा अडवत होता. २०१४ मध्ये ‘ओपन राइट्स ग्रुप’ या संस्थेने सुमारे एक लाख लोकप्रिय संकेतस्थळे तपासली, तेव्हा पाचांतले जवळजवळ एक कोणत्या ना कोणत्या फिल्टरमध्ये अडत होते. ती सगळीच चुकीने अडली असे नव्हे, पण प्रमाण विचार करायला लावणारे आहे.

आता आपल्या वर्गाकडे पाहा. पहिल्यांदा पाळी आलेली मुलगी, घरातल्याच कुणाच्या स्पर्शाने घाबरलेला मुलगा, हे कुणाला विचारतील? शिक्षकांना विचारायचा धीर झाला नाही तर ते गुपचूप फोनवर शोधतील. तिथे लाल पाटी आली तर त्यांना काय कळते? आपला प्रश्नच घाणेरडा आहे, हे. आणि या मुलांपैकी कुणीही “हे पान चुकून अडले आहे” अशी तक्रार घेऊन पालकांकडे जाणार नाही.

दुरुस्ती कशी करावी?

फिल्टर काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. बँकेच्या नावाने फसवणारी, संगणकात विषाणू सोडणारी संकेतस्थळे खरी आहेत आणि ती अडायलाच हवीत. पण एखादे चांगले पान अडले की वैतागून सगळाच फिल्टर बंद करणे म्हणजे एक दाणा सापडेना म्हणून चाळणी फेकून देणे. त्यापेक्षा क्रमाने जावे.

पहिले, कुणी अडवले ते शोधा. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये, मग घरातल्या दुसऱ्या उपकरणावर, मग वायफाय बंद करून मोबाइलच्या जोडणीवर उघडून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू आहे. एकाच संगणकावर अडत असेल तर दोष त्या ब्राउझरचा किंवा अँटिव्हायरसचा. सर्व उपकरणांवर वायफायवर अडते आणि मोबाइलवर उघडते, तर राउटर, डीएनएस किंवा जोडणी पुरवणारी कंपनी. अडवणाऱ्या पाटीवर बहुधा फिल्टरचे नाव आणि वर्ग लिहिलेला असतो, तो उतरवून घ्या. प्रमाणपत्राची सूचना येत असेल तर आधी संगणकाची तारीख तपासा. घड्याळ चुकले तरी चांगली संकेतस्थळे संशयास्पद ठरतात.

दुसरे, अडवणूक खरोखर चुकीची आहे याची खात्री करा. ओळखीच्या शाळेच्या संकेतस्थळातही कुणी घुसखोरी केलेली असू शकते. सूचना विषाणूची किंवा फसवणुकीची असेल तर ती ओलांडू नका, त्या संस्थेला फोन करून विचारा. अडवणूक विषयामुळे झाली असेल तर प्रश्न वेगळा, तिथे निर्णय माणसाने घ्यावा.

तिसरे, परवानगी द्यायची ती नेमक्या त्या नावाला, सबंध वर्गाला नव्हे. पान उघडले पण चित्रे दिसत नसतील तर ती दुसऱ्या नावाच्या संगणकावरून येत असतील. तेही नाव परवानगीच्या यादीत घालावे लागेल. आधीचे उत्तर उपकरणाने काही काळ लक्षात ठेवलेले असते, म्हणून बदल लगेच दिसला नाही तर उपकरण बंद करून पुन्हा सुरू करा.

चौथे, कंपनीला कळवा. चुकीचा वर्ग बदलून मागण्याची सोय बहुतेक मोठ्या कंपन्या ठेवतात. आपल्या घरापुरती दुरुस्ती केली तर पान एका घरात उघडते, यादीत दुरुस्ती झाली तर सगळ्या घरांत.

पाचवे, नोंद ठेवा. तारीख, संकेतस्थळ, कोणत्या फिल्टरने अडवले, कोणत्या वर्गात, बरोबर की चूक. आम्ही प्रयोगशाळेत नवे उपकरण घेतो तेव्हा ते किती आणि कोणत्या दिशेने चुकते हे आधी पाहतो. त्याशिवाय त्याच्या वाचनाला अर्थ नसतो.

ही नोंद आठवी-नववीच्या वर्गासाठी चांगला प्रकल्प होईल. मुलांनी वर्तमानपत्रातल्या शंभर मथळ्यांवर स्वतःचा शब्द-फिल्टर चालवावा. यादी त्यांनीच करायची. मग कोणते मथळे चुकून अडले आणि कोणते चुकून सुटले ते दोन रकान्यांत मोजायचे. यादी वाढवली की दुसरा रकाना कमी होतो आणि पहिला फुगतो, हे त्यांना आपोआप दिसेल.

आणि एक गोष्ट शिक्षकांनी वर्गात मोठ्याने सांगावी. लाल पाटी आली म्हणजे तुमचा प्रश्न वाईट ठरत नाही. ती पाटी यंत्राने लावलेली आहे, आणि यंत्र चुकते. तो प्रश्न घेऊन आमच्याकडे या.