मुरणे आणि विटणे

मुंबईहून वाइनच्या मुलखात जाणारे दोन्ही रस्ते आमच्या तालुक्यांतून घाट चढतात. शहापूरवरून कसारा घाटाने नाशिक, मुरबाडवरून माळशेज घाटाने नारायणगाव. नारायणगावला १९८०च्या दशकात फेसाळती वाइन तयार होऊ लागली. नाशिकच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून मराठीत वाइनवर लिहिणेही वाढले. त्या लेखनाबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि जुन्या वाइनच्या निमित्ताने ती नेमकेपणाने मांडता येते.

आपले लेखक वाइनला ब्लॅकबेरीचा, गूजबेरीचा, सीडरच्या लाकडाचा गंध असल्याचे सांगतात. यांतले बहुतेक गंध लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्यानेही प्रत्यक्ष घेतलेले नसतात. चवीचे वर्णन म्हणजे आठवणीशी केलेली तुलना. आठवणच उसनी असेल, तर वर्णनाची नक्कल होते. या शब्दांवर त्यांच्या मायभूमीतही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे बिनवासाचा लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन ठेवली गेली. त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. नाकाआधी डोळ्यांनी निकाल दिला होता.

म्हणून मी एक साधा प्रयोग केला. नाशिकच्या एकाच हंगामाच्या शिराझच्या दोन आणि शेनिन ब्लाँच्या दोन बाटल्या आठ वर्षे ठेवल्या. प्रत्येकीतली एक शहापूरला फ्रिजमध्ये, दुसरी मुरबाडच्या मित्राकडे पत्र्याच्या घरातल्या कपाटात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वाइनला तेरा-चौदा अंश मानवतात. आस्वाद घेताना काचेचे पेले टाळले आणि रंग दिसू नये म्हणून स्टीलचे घेतले. स्टीलमुळे वासात थोडा फरक पडत असेल, पण तो चारही वाइनना सारखाच. परीक्षक तिघे : मी, माझे निवृत्त शिक्षक मित्र आणि त्यांच्या शेजारच्या काकू. काकूंची लोणची साऱ्या आळीत जातात. “मी वास घेईन, पिणार नाही,” ही त्यांची अट होती.

फ्रिजमधल्या शिराझचा तुरटपणा हिरडा चघळून बराच वेळ झाल्यावर जिभेवर उरतो तसा होता : बोचत नव्हता, पण होता. वास सुकलेल्या जांभळाचा, मागे राब भाजल्यावर येतो तसा पुसट धूर. कपाटातली शिराझ मात्र करपलेल्या मोरंब्यासारखी. तुरटपणा गेलेला, आंबटपणा वेगळा पडलेला. फ्रिजमधल्या शेनिनला मधाचा आणि भाजलेल्या काजूचा वास होता. कपाटातलीला काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. काकूंनी चारही पेले हुंगले आणि दोन-दोनचे दोन गट केले. “ही मुरलीत रे. आणि ह्या दोन विटल्यात.”

मग वाइन काचेत ओतल्या. जुनी होताना रेड वाइन फिकी होत जाते, पांढरी गडद. लाल रंगद्रव्ये आणि टॅनिन एकमेकांत गुंतून जड होतात, त्यांचा साका तळाशी बसतो आणि जांभळा रंग विटकरी होतो. पांढरी हवेच्या संथ संपर्काने सोनेरी, पुढे तपकिरी होते. म्हणजे मुरणे आणि विटणे या दोन्ही वाटा सुरुवातीला रंगावरून सारख्याच दिसतात. फरक नाक आणि जीभ सांगतात. आंबटपणा, तुरटपणा आणि गंध एकमेकांना धरून आहेत की सुटे झालेत, हा जुन्या वाइनच्या परीक्षेतला खरा प्रश्न. काकूंच्या दोन क्रियापदांनी तो विचारला आणि सोडवलाही. चार बाटल्यांनी काही सिद्ध होत नाही. पण आपल्याकडे शब्द नाहीत ही सबब तरी उरत नाही.

शब्दच काय, विचारही जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवे मद्य बहुधा जड व दोष वाढवणारे, तर जुने हलके, भूक आणि रुची वाढवणारे म्हटले आहे. मद्य ठेवावे, मग पारखावे, ही समज आपल्याला बाहेरून आणावी लागलेली नाही.

मात्र ठेवायला जागा लागते, गारवा लागतो आणि मुभाही लागते. माझ्या मते जुन्या वाइनच्या समीक्षेने सर्वांत कमी विचारात घेतलेली गोष्ट ही मुभा आहे. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, कोळी पाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले वेचतात, वाळवतात, त्यांची दारू गाळतात. तिला सरसकट हलकी, उग्र ठरवले जाते. पण १८९२ च्या म्होवरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले जवळ बाळगण्यावरच बंधने आणली, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही ती राहिली. २०२१ मध्ये राज्य शासनाने फुले गोळा करणे व साठवणे यांवरचे निर्बंध उठवले. परवान्याशिवाय दारू गाळणे मात्र आजही गुन्हाच आहे. गाळलेली दारू बाटलीत ठेवून मुरत नाही. तिला लाकडाचे पिंप आणि काही वर्षे लागतात. धाड पडण्याआधी संपवायच्या पेयाला ती वर्षे कुठून मिळणार?

मोहाची दारू मुरली असती तर उत्तमच झाली असती, असा माझा दावा नाही. तिला तशी संधी मिळाली नाही, एवढेच मी म्हणतो. समीक्षकाने ‘कच्ची’ आणि ‘कच्ची ठेवलेली’ यांत भेद करायला हवा. कपाटातल्या माझ्या दोन बाटल्याही मुळात वाईट नव्हत्या. मी त्या कुठे ठेवल्या, ते त्यांच्या चवीत उतरले होते.