नाद, संकेत आणि अर्थ : प्राथमिक वर्गातील चिनी तालवाद्यपरंपरेचा एक तौलनिक विचार

संगीताला अर्थ असतो काय, हा सौंदर्यशास्त्रातील जुना प्रश्न प्राथमिक शाळेच्या वर्गात फार लवकर आणि फार सोप्या रूपात विचारला जातो. एखादी रचना ऐकवून ‘हे संगीत काय सांगते?’ असे विचारले की मुले पाऊस, घोडा, वादळ अशी उत्तरे देतात आणि पाठ तेथेच संपतो. याउलट, नादांची गतिमान रूपे हाच संगीताचा आशय होय, असे हान्स्लिकने १८५४ मध्ये प्रतिपादन केले. मराठीत मर्ढेकरांनी संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटनेचा विचार मांडला (‘सौंदर्य आणि साहित्य’, १९५५). पहिली भूमिका नादाला चित्र मानते, दुसरी त्याला शुद्ध रचना मानते. चिनी तालवाद्यांची परंपरा या दोहोंच्या मधला एक तिसरा मार्ग दाखविते, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

प्राचीन चीनच्या युद्धव्यवहारात ढोल वाजला की पुढे जायचे आणि धातूचे वाद्य वाजले की मागे फिरायचे, असा संकेत होता. ‘श्युन्त्झ’ या ग्रंथातही त्याचा निर्देश आहे. येथे ढोलाचा नाद आक्रमणाचे चित्र काढीत नाही, तसा तो अर्थशून्यही नाही. त्याचा अर्थ ऐकणाऱ्यांच्या कृतीत आणि त्यांच्या परस्परसंमतीत आहे. वर्गात हाच खेळ खेळता येतो. ढोलकीवर मुलांनी पुढे यावे, थाळीवर मागे जावे. मग नियम उलटा करावा. नाद तोच राहून अर्थ बदलतो, हे मूल व्याख्येवाचून स्वतःच्या पावलांनी शिकते.

पेकिंग ऑपेरात हा संकेत अधिक सूक्ष्म होतो. ‘जीजीफंग’, म्हणजे घाईचा वारा, हा द्रुत तालबंध पात्राच्या लगबगीच्या प्रवेशाला किंवा लढाईला वाजतो. ‘चार आघात’ या नावाच्या तालबंधावर नट क्षणभर स्थिर मुद्रा धारण करतो. कोकणच्या दशावतारी नाटकात युद्धप्रसंगी मृदंग व झांजांची लय चढते, तेव्हा प्रेक्षक असाच नाट्यसंकेत ओळखत असतो.

हे तालबंध मुखोद्गत करण्यासाठी चिनी परंपरेत ‘लुओगूजिंग’ ही अक्षरपद्धती आहे. तबल्याच्या बोलांशी तिचे साम्य उघड आहे. परंतु तौलनिक अभ्यासकाला येथे भेद अधिक मोलाचा वाटावा. ‘धा’ या बोलात एकाच वादकाचे दोन हात एकवटतात. ‘त्सांग’ या अक्षरात मोठी काशाची थाळी आणि बहुधा तिच्यासह लहान थाळी व झांज, असे अनेक वादकांचे आघात एकवटतात. या सर्वांचे नेतृत्व बांगू हा छोटा ढोल वाजविणारा करतो. म्हणजे एकटे मूल ‘त्सांग’ म्हणते तेव्हा ते एका वाद्याचा नव्हे, तर एका मेळाचा उच्चार करीत असते. कोशात ज्याला अर्थ नाही असे हे अक्षर नेमका व्यवहार सूचित करते. ‘निरर्थक अक्षरे’ ही आपली सोयीची संज्ञा त्यामुळे तपासून पाहावी लागते.

भिलाईच्या स्मृतिनगरसारख्या वसाहतीच्या संदर्भात हा विचार विशेष उपयुक्त ठरतो. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यामुळे येथे विविध भाषिक कुटुंबे एकत्र आली. अशा परिसरातील मराठी मुलाच्या कानावर गणेशोत्सवातील ढोल-ताशाबरोबर पंथी नृत्यातील मांदर व झांजही पडण्याचा संभव असतो. जवळच्या गनियारीच्या तीजनबाईंच्या पंडवानीत हातातला तंबुरा प्रसंगी भीमाची गदा होतो. उत्तर चीनमधील ‘जिंगयुन दागू’ या कथागायनातही गायक स्वतःच ढोल व पट्ट्या वाजवीत आख्यान सांगतो, आणि पोवाड्यातील शाहिराच्या हातात डफ असतो. कथा, कंठ आणि आघात एकाच देहात नांदणारी ही तीन रूपे शेजारी ठेवली, तर चिनी परंपरा ड्रॅगन व नववर्ष यांच्या सजावटीपुरती उरत नाही.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. सर्वच अर्थ संकेताधीन मानला, तर थाळीचा दीर्घकाळ रेंगाळणारा नाद आणि ढोलाचा तुटक आघात यांतील इंद्रियगोचर भेदाला स्थान राहणार नाही. संकेत बदलता येतो; नादाचा पोत बदलता येत नाही. मर्ढेकरांचा लयविचार येथे पुन्हा आवश्यक ठरतो, कारण संकेताला आधार हवा असतो तो या पोताचा आणि लयीचाच. म्हणून प्राथमिक वर्गात ‘हे संगीत काय सांगते?’ या प्रश्नाआधी ‘हे कोण, कोणासाठी आणि केव्हा वाजवते?’ हा प्रश्न यावा. तुलनेचा आरंभही तेथूनच व्हावा. अन्यथा दोन परंपरांतील वाद्यांची नावे जुळतील, अर्थ मात्र जुळणार नाहीत.