वीर आणि त्याची प्रतिमा : 'द लास्ट एनिमी'चा पुनर्विचार

दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढायांनी जे आत्मपर वाङ्मय निर्माण केले, त्यात रिचर्ड हिलरीच्या 'द लास्ट एनिमी' (१९४२) या पुस्तकाचे स्थान वेगळे आहे. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर काही महिन्यांतच, ८ जानेवारी १९४३ रोजी, लेखक वयाच्या तेविसाव्या वर्षी विमान अपघातात मरण पावला. तेव्हापासून या पुस्तकाचे वाचन त्या मृत्यूच्या छायेत होत आले आहे. लेखकाचे हौतात्म्य लेखनाला पावित्र्य देते. परंतु पावित्र्य लाभलेल्या लेखनाची चिकित्सा होत नाही. हिलरीच्या बाबतीत हे विशेष अन्यायाचे आहे. कारण वीरत्वाविषयीची शंका हाच त्याच्या पुस्तकाचा गाभा आहे.

सिडनी येथे १९१९ साली जन्मलेला हिलरी ऑक्सफर्डचा विद्यार्थी होता. १९४० च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये तो ६०३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून स्पिटफायर विमान चालवीत होता. ३ सप्टेंबर १९४० रोजी त्याचे विमान पेटले. तो समुद्रात पडला आणि मार्गेटच्या जीवरक्षक नौकेने त्याला वाचविले. त्याचा चेहरा व हात भाजून गेले होते.

पुस्तकाचा आरंभ याच प्रसंगाने होतो आणि त्याची मांडणी लक्षणीय आहे. प्रथम येते ते शौर्य नव्हे, तर कॉकपिटवरचे एक सरकते आच्छादन. ते खाचेतून नीट सरकत नाही, म्हणून सकाळपासून त्याची दुरुस्ती चालू आहे. इतक्यात उड्डाणाचा आदेश येतो. पुढे आगीत हेच आच्छादन अडून बसते. शत्रूच्या विमानावर अचूक मारा झाल्यानंतरही त्याचा पुरता नाश करण्याच्या मोहाने आपण क्षणभर रेंगाळलो, हेही हिलरी सांगतो. यंत्रातील लहानसा दोष आणि मनातील लहानसा मोह यांतून सर्वनाश ओढवतो. समुद्रात वेदना असह्य झाल्यावर मृत्यूला आपण होऊन जवळ करण्याचा फसलेला प्रयत्नही तो लपवीत नाही. या पृष्ठांतील संयम हे पुस्तकाचे सर्वांत मोठे यश होय.

भारतीय काव्यशास्त्राने उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव मानला आणि युद्धवीर, दानवीर, धर्मवीर, दयावीर असे वीराचे भेद कल्पिले. पुस्तकाच्या पूर्वार्धातील हिलरी निखळ युद्धवीर आहे. एकासनी विमानातील वैमानिक एकटा असतो. मारणे किंवा मरणे याचा निर्णय त्याच्यापुरता असतो. युद्ध म्हणजे स्वतःला अजमावण्याची संधी, यापलीकडे त्याला तत्त्वाची गरज वाटत नाही. त्याचा मित्र पीटर पीज हा मात्र श्रद्धावान ख्रिस्ती आहे. जगातील दुष्टतेचे निवारण व्हावे म्हणून आपण लढतो, अशी त्याची धारणा आहे. आगगाडीच्या प्रवासात या दोघांत झालेला वाद हे पुस्तकाचे वैचारिक केंद्र ठरते. युद्धवीर आणि धर्मवीर समोरासमोर येतात आणि युद्धवीर वादात हार मानीत नाही. १५ सप्टेंबर १९४० रोजी पीज मारला जातो; प्रतिपक्षच नाहीसा झाल्यामुळे वाद अपुरा राहतो.

उत्तरार्धात रणभूमीची जागा रुग्णालय घेते. आर्चिबाल्ड मॅकिंडो या शल्यविशारदाच्या हाताखाली नव्या पापण्या, नवे ओठ घडत जातात. येथे उत्साहाला वाव नाही. येथे लागते ती सोशिकता. आकाशातील धैर्य काही क्षणांचे असते, खाटेवरचे धैर्य महिनोन् महिने पुरवावे लागते, हा फरक हिलरी उपदेश न करता, उपरोधाच्या आधाराने उभा करतो. मात्र त्याच्या उपरोधालाही मर्यादा आहे. एकेका उड्डाणाच्या वर्णनाअखेरीस त्यातून न परतलेल्या सहकाऱ्याचे नाव तो एका कोरड्या वाक्यात नोंदवितो. अशा नोंदी साचत जातात तसतसा 'मी'चा आवाज क्षीण होत जातो.

शेवटचे प्रकरण मात्र या तोलाचे नाही. बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखाली सापडलेली, मूल गमावलेली एक स्त्री हिलरीचा भाजलेला चेहरा पाहून त्याला आपल्याच दुःखाचा वाटेकरी मानते आणि प्राण सोडते. या एका प्रसंगाने अहंवादी नायकाचे संपूर्ण मानवजातीशी नाते जुळते. युद्धवीराचा दयावीर होतो. परंतु तो होताना दिसत नाही, झाल्याचे सांगितले जाते. आरंभी अडलेल्या आच्छादनाने जो प्रत्यय दिला, तो येथील चिंतनपर परिच्छेद देऊ शकत नाहीत. परिवर्तनाची निकड खरी आहे, त्याची सिद्धता अपुरी आहे.

पुस्तकाच्या नावाला बायबलचा आधार आहे; करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलाने मृत्यूला शेवटचा शत्रू म्हटले आहे. हात पुरेसे सावरले नसतानाही हिलरी पुन्हा विमानदलात रुजू झाला आणि स्कॉटलंडमधील चार्टरहॉल येथे रात्रीच्या सराव-उड्डाणात त्याचे ब्लेनहाइम विमान कोसळले. १९४३ मध्येच आर्थर केसलरने त्याच्यावर लेख लिहून एका मिथकाचा जन्म कसा होतो याची मीमांसा केली. अपुऱ्या शेवटाला मृत्यूने पूर्णत्व दिले, असे तेव्हापासून अनेकांना वाटत आले. हा समज साहित्यदृष्ट्या टिकणारा नाही. मृत्यू हा युक्तिवादातील दुवा होऊ शकत नाही.

शिवाय त्या विमानात हिलरी एकटा नव्हता. विल्फ्रेड फायसन हा त्याचा नॅव्हिगेटरही त्याच्यासोबत मरण पावला. एकासनी स्पिटफायरमधील स्वयंपूर्ण वीराची कल्पना सोडून देणे हेच ज्या पुस्तकाचे सांगणे, त्याच्या कर्त्याच्या स्तुतीत दुसऱ्या आसनावरील माणूस सहसा विसरला जावा, हा विपर्यास आहे. न परतलेल्याचे नाव नोंदविण्याची शिस्त हिलरीनेच घालून दिली होती. त्याच्या अखेरच्या उड्डाणाची नोंदही त्याच शिस्तीने व्हावयास हवी : त्यातून दोघे परतले नाहीत.