कात्री कुणाच्या हातात?

मार्ज पियर्सी यांच्या ‘अ वर्क ऑफ आर्टिफिस’ या इंग्रजी कवितेत माळी बोन्साय छाटता छाटता त्याचे लाड करतो. झाड म्हणजे बाई, हे लगेच कळतं. कविता पटते, पण तिच्यातला माळी पुरुष आहे, तिथे मी अडते. हैदराबादेत आमच्या गच्चीवर कामिनीचं बोन्साय मीच वाढवते. उन्हाळ्यात उथळ कुंडीला दोनदा पाणी घालते, दोन-तीन वर्षांनी मुळं कापते, फांद्यांना तार गुंडाळते. वनस्पती एकेंद्रिय जीव, म्हणून कात्री धरताना हात थबकतो. मुलीला ‘एवढं शिकून काय करायचंय?’ म्हणताना मात्र आपली जीभ थबकत नाही. तेव्हाही आपण लाडच करत असतो ना! आपल्या घरांत कात्री बहुतेकदा आईच्याच हातात असते, एवढं या कवितेत सांगायचं राहून गेलं.