रक्ताच्या थेंबाने उघडणारे दार

विज्ञानकथेची समीक्षा आपल्याकडे बहुधा यंत्रांपाशीच घोटाळते. यान कोणत्या इंधनावर चालते, प्रकाशाच्या वेगाचे बंधन लेखकाने पाळले की नाही, याची झाडाझडती घेतली की समीक्षकाचे कर्तव्य संपले असे मानले जाते. प्रस्तुत लेखात मी वाचकांचे लक्ष एका वेगळ्याच, वरवर पाहता पोरकट वाटणाऱ्या प्रसंगाकडे वेधू इच्छितो. कडेकोट बंदोबस्तातील एखादी इमारत असते. आत कैदी, आराखडा, गुपित असे काहीतरी असते. आणि ज्याला आत पाऊल टाकण्याचा अधिकार नाही असा एक माणूस बाहेर उभा असतो. तो आत कसा शिरतो, ही गोष्ट विज्ञानकथेने शंभराहून अधिक वर्षे पुन:पुन्हा सांगितली आहे. त्या युक्त्या वाचून आपण चकित होतो आणि पुढे सरकतो. परंतु थोडे थांबून त्यांना दोन प्रश्न विचारून पाहावेत. ही इमारत आत येऊ पाहणाऱ्याकडे ओळखीचा कोणता पुरावा मागते? आणि या प्रवेशाची किंमत कोण मोजतो? लेखकाची माणसाविषयीची धारणा या दोन उत्तरांत बव्हंशी उघड होते.

एच. जी. वेल्स यांची 'द इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी १८९७ सालची. तिच्यातील ग्रिफिन अदृश्य झाल्यावर त्याच्यापुढे कोणताच पहारा टिकणार नाही, असे आपल्याला वाटते. भर जानेवारीत, अंगावर एक कपडाही नसताना, तो लंडनमधील एका भल्यामोठ्या दुकानात शिरतो. दुकान बंद होईपर्यंत दबा धरून बसतो. मग कपडे चढवतो, पोटभर खातो आणि रजयांच्या ढिगावर झोपी जातो. सकाळी कामगार येतात तेव्हा ज्या कपड्यांनी ऊब दिली त्यांनीच त्याचा घात केलेला असतो. सुटायचे तर मिळवलेले सगळे पुन्हा उतरवून उघड्यानेच थंडीत जाणे आले. वेल्स यांच्या प्रतिभेची खरी झेप अदृश्य करणाऱ्या रसायनापेक्षा मला या एका रात्रीत अधिक दिसते. आत शिरणे सोपे, आत राहणे अवघड. कारण देहाला अन्न लागते, पांघरूण लागते, आणि ते घेतले की माणूस पुन्हा दिसू लागतो. पुढच्या शंभर वर्षांतील फार थोड्या लेखकांना हे मर्म सापडले.

'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटात हे काम फारच स्वस्तात होते. ल्यूक आणि हान शत्रुसैनिकांची पांढरी चिलखते चढवतात, आपल्याच केसाळ सोबत्याला कैदी म्हणून पुढे घालतात आणि 'डेथ स्टार' या अवकाशदुर्गाच्या तुरुंगात चालत जातात. येथे पुरावा म्हणजे गणवेश. चिलखताच्या आत कोण आहे, हे कोणी विचारत नाही. सैनिकाच्या मानाने हा जरा बुटका आहे, हे ल्यूककडे पाहताक्षणी कोणाच्या ध्यानात येते? कोठडीत पडलेल्या राजकन्येच्या! साऱ्या दुर्गात माणसाकडे माणूस म्हणून पाहणारी तेवढी एकच व्यक्ती निघावी, हा विनोद दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांनी जाणूनबुजून केला असो वा नसो, मला तो सबंध चित्रपटातील सर्वांत मार्मिक क्षण वाटतो.

दुसरा प्रश्न, म्हणजे किमतीचा, विल्यम गिब्सन यांच्या 'न्यूरोमान्सर' (१९८४) या कादंबरीत टोचू लागतो. मॉली नावाची स्त्री एका बलाढ्य प्रसारण कंपनीच्या इमारतीतून एका मृत माणसाच्या मनाची जतन केलेली प्रत पळवते. तिला वाट मोकळी व्हावी म्हणून तिचे साथीदार इमारतीत घातपाताची खोटी हूल उठवतात. मॉलीचा पाय मोडतो, ते आपण श्वास रोखून वाचतो, कारण तिच्या वेदना दूरवर बसलेल्या केसला आणि त्याच्यामार्फत आपल्यालाही भोगाव्या लागतात. पण घाबरून सैरावैरा पळणाऱ्या त्या कर्मचाऱ्यांचे काय? ती सकाळी डबा घेऊन कामावर आलेली माणसे. गिब्सन यांचे लेखन झळझळीत आहे, यात वाद नाही. तरी ही माणसे त्यांच्या लेखी पार्श्वभूमीच राहतात. 'द मेट्रिक्स' (१९९९) मध्ये तर शिरकावाची कलाच संपली. नायक आणि नायिका इमारतीच्या दालनात शिरतात आणि पहारेकऱ्यांना सरसकट गोळ्या घालतात. त्या आभासी जगात मेलेला माणूस प्रत्यक्षातही मरतो, हे त्याच चित्रपटाने आधी बजावून सांगितलेले असते. म्हणजे हे पहारेकरी गुलामीत निजलेले जिवंत जीव आहेत, ज्यांना जागे करण्यासाठी हा सारा लढा चालला आहे तेच. त्या दालनातील नेत्रसुखद धुमश्चक्री पाहताना ही गोष्ट विसरावी अशी दिग्दर्शकांची अपेक्षा आहे. मला ती विसरता येत नाही.

यानंतर इमारती गणवेशावर समाधान मानीनाशा होतात; त्या देह मागू लागतात. 'मायनॉरिटी रिपोर्ट' (२००२) मध्ये फरारी झालेला पोलीस अधिकारी आपले डोळे बदलून घेतो, आणि जुना डोळा पिशवीत जपून ठेवून त्याच्याच साहाय्याने आपल्या जुन्या कचेरीच्या मागच्या दाराने आत येतो. फिलिप के. डिक यांच्या १९५६ सालच्या मूळ कथेत हा डोळ्यांचा प्रकार नाही, तो चित्रपटकर्त्यांचा. ज्याच्या मागावर सारे शहर आहे त्याची प्रवेशाची परवानगी कोणी रद्दच केली नव्हती काय, असा आक्षेप रसिकांनी घेतला आहे. कचेऱ्यांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना यात काहीच अशक्य वाटणार नाही. माझा आक्षेप निराळा आहे. उतारावरून घरंगळणारा तो डोळा आपल्याला हसवतो, शहारे आणतो आणि विसरला जातो. शरीर ही किल्ली झाली म्हणजे माणसाचे काय होते, या प्रश्नाला चित्रपट हात घालीत नाही.

तो प्रश्न अँड्र्यू निकोल यांच्या 'गॅटाका' (१९९७) या चित्रपटाने पाच वर्षे आधीच विचारला होता, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तोच चित्रपट आहे. गॅटाका ही अवकाशयात्री घडवणारी संस्था. तिचे नाव जनुकद्रव्यातील चार घटकांच्या आद्याक्षरांतून जुळवलेले. तिच्या वास्तूसाठी फ्रँक लॉइड राइट यांनी आराखडलेली कॅलिफोर्नियातील मरीन परगण्याची शासकीय इमारत वापरली आहे. तिथे ना तोफा, ना कुत्री. एक फिरते फाटक आहे, आणि त्यावर बोट ठेवले की रक्ताचा थेंब घेतला जातो. निवडून घडवलेल्या वंशाचा असाल तर दार उघडते.

व्हिन्सेंट फ्रीमन असा घडवलेला नाही. जन्मताच त्याच्या कपाळी लिहिले गेले आहे: हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुर्मान ३०.२ वर्षे. चित्रपटातील सर्वांत बोचरा भाग असा की याच इमारतीत तो आधीही रोज येत होता, सफाई कामगार म्हणून. हातात झाडू असला की कोणत्याही सुरक्षित इमारतीचे दार उघडते, आणि झाडूमागचा माणूस कोणाला दिसत नाही. ग्रिफिनला त्यासाठी रसायन लागले. व्हिन्सेंटला अदृश्यता आयतीच मिळाली होती. त्याला हवे होते ते दिसणे.

म्हणून तो तोतया होतो. तोतया म्हटले की मराठी वाचकाला पानिपतानंतर भाऊसाहेब म्हणून वावरलेला आणि १७७६ साली पुण्यात देहदंड भोगलेला माणूस आठवेल. त्या तोतयाला भाऊसाहेबांना पाहिलेल्या माणसांच्या स्मृतीशी झुंजावे लागले. व्हिन्सेंटपुढे कोणाची स्मृती नाही. त्याचा चेहरा जेरोमच्या छायाचित्राशी पुरेसा जुळत नाही, तरी कोणाला फिकीर नाही, कारण चेहऱ्याकडे पाहण्याची सवयच मोडली आहे. जेरोम यूजीन मॉरो हा उत्तम वंशाचा जलतरणपटू, पण शर्यतीत दुसरा आलेला आणि पुढे पाय गमावून चाकाच्या खुर्चीला खिळलेला. तो आपले रक्त, लघवी, केस, त्वचेचे कण व्हिन्सेंटला पुरवतो. बोटाच्या टोकावर चिकटवलेल्या पातळ पिशवीत त्याचे रक्त, मांडीला बांधलेल्या थैलीत त्याची लघवी. उंची जुळावी म्हणून व्हिन्सेंट पायांची हाडे तोडून वाढवून घेतो. रोज सकाळी स्वत:ची कातडी घासून घासून काढतो आणि भट्टीत जाळतो. कामाच्या मेजावर दुसऱ्याचे केस पेरून येतो. वेल्स यांनी ओळखलेले मर्म येथे पूर्णत्वाला जाते. आत शिरणे एका दिवसाचे, आत राहणे रोजचे. परीक्षेसाठी धावताना जेरोमच्या हृदयाचे मुद्रित ठोके संपतात आणि व्हिन्सेंटचे स्वत:चे हृदय उसळू लागते, तेव्हा शत्रू बाहेर कुठेच नाही हे आपल्याला उमगते.

आणि किंमत? ती पहारेकऱ्यांनी मोजलेली नाही. तपास करणारा अधिकारी घरी येतो तेव्हा खऱ्या जेरोमला नागमोडी जिना हातांवर ओढत चढावा लागतो. स्वत:च्याच नावाची भूमिका करण्यासाठी! खुनाचे उपकथानक मला ठिगळासारखे वाटते. पण त्याने हा जिना दिला, म्हणून त्याला क्षमा करावी.

हे सारे कल्पनेतले, असे म्हणून बाजूला सारता येत नाही. जपानमधील योकोहामा येथे त्सुतोमु मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली जिलेटिनच्या नकली बोटांनी ठसे ओळखणारी यंत्रे फसतात हे दाखवून दिले. जनुकांवरून नोकरीत वा आरोग्यविम्यात भेद करू नये असा कायदा अमेरिकेला २००८ साली करावा लागला. उलट, खरे बोट नाकारले जाते हेही आपण पाहतो. आमच्या धर्मग्रामात आयुष्यभर वाडीत राबलेल्या म्हाताऱ्या बाया आहेत. त्यांच्या अंगठ्यावरील रेषा झिजून गेल्या आहेत आणि रेशनच्या दुकानातील यंत्र त्यांना ओळखत नाही.

येथे मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातील एक प्रसंग आठवतो. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेला पारितोषिक मिळाले. व्हिन्सेंटला दार उघडण्यासाठी मोठे नाव उसने घ्यावे लागले. नारळीकरांनी आपले मोठे नाव दाराबाहेर काढून ठेवले. परीक्षकांनी फक्त कथा वाचावी, एवढीच दोघांची मागणी होती, असे म्हटले तर फारसे वावगे ठरू नये.

'गॅटाका'चा आरंभ बायबलमधील 'उपदेशक' या ग्रंथातील एका वचनाने होतो. देवाने जे वाकडे घडवले ते सरळ कोण करणार, अशा आशयाचे ते वचन वंशसुधारकांवरचा आरोप म्हणून योजले आहे. पण ज्याचे पाय पोलादी सळ्यांनी लांबवले आहेत त्या नायकालाही ते लागू पडते, हे निकोल यांच्या ध्यानात आले असावे असे वाटत नाही. तसेच असत्याचे. नीतिशास्त्राच्या अभ्यासात आम्हांला एक भेद शिकवला जातो: ज्याला विचारण्याचा अधिकार आहे त्याच्याशी सत्य बोलणे आपल्याला बांधील असते. चित्रपटातील जगातही असा भेदभाव कायद्याने निषिद्धच आहे, फक्त तो कायदा कोणी पाळीत नाही. म्हणजे त्या फाटकाला रक्ताचा थेंब मागण्याचा अधिकार नव्हता, आणि त्याला दिलेले खोटे उत्तर मला फारसे जड वाटत नाही.

शेवटी दार उघडते तेही कोणत्याच युक्तीने नाही. यानात चढण्यापूर्वी अचानक लघवीची तपासणी होते, थैली बांधलेली नसते, आणि यंत्र खरे उत्तर देते. ते उत्तर डॉक्टर लमार पुसून टाकतो. त्याचा स्वत:चा मुलगा वैद्यांनी वचन दिले होते तसा निपजलेला नाही. व्हिन्सेंट कोण आहे, हे त्याला कधीपासून ठाऊक होते. त्याने केवळ त्याच्या हाताकडे पाहिले होते. शंभर वर्षांच्या या कथापरंपरेत द्वारपालाला इतके मोठे स्थान देणारी दुसरी कलाकृती माझ्या पाहण्यात नाही.

परंतु लमारची दया पाहून डोळे ओलावले तरी एक शंका उरतेच. व्हिन्सेंटचे हृदय खरोखरच दुबळे आहे. धावण्याच्या यंत्रावर आपण ते ऐकले आहे. शनीच्या टायटन या उपग्रहाकडे निघालेल्या यानात इतरही प्रवासी आहेत. आपल्या सोबत्याचे हृदय कसे आहे, हे विचारण्याचा अधिकार फाटकाला नसला तरी त्यांना होता. निकोल यांनी त्यांची नावेही आपल्याला सांगितलेली नाहीत.