पदकाच्या कडेवरचे नाव

युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी घरी आणलेल्या वस्तू जमवणे हा आज एक प्रतिष्ठित छंद झाला आहे. पदके, बिल्ले, कमरपट्टे, परदेशी नाणी यांचे लिलाव होतात, प्रदर्शने भरतात. या व्यवहाराकडे निव्वळ छंद म्हणून पाहणे आपल्याला परवडणारे नाही. कोणती वस्तू जपली जाते, कोणती मोडीत निघते आणि जपलेल्या वस्तूखाली कोणाचे नाव लिहिले जाते, हे समाजातील सत्तेच्या वाटपावर ठरते. म्हणून संग्रहाचीही समीक्षा झाली पाहिजे.

रत्नागिरीत या प्रश्नाचा एक ठळक दाखला उभा आहे. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केले. 1886 साली त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. 1916 मध्ये तो येथेच वारला. त्याच्या राजवाड्यात आज संग्रहालय आहे. मंडालेहून नेलेले सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात होते, ते 1948 मध्ये परत गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील राजचिन्हे 1964 मध्ये परत गेली. राजाच्या वस्तूंची यादी होती आणि त्या परत मागणारे राष्ट्रही होते. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली-मंडणगडच्या महारवाड्यांतून पलटणीत गेलेल्या माणसांच्या पत्र्याच्या पेट्यांची यादी कोणी केली? लढाईतल्या लुटीचा सरकारी वाटासुद्धा हुद्द्याप्रमाणे वाटला जाई. तळच्या शिपायाच्या हाती लागे ते अल्पच. त्याच्या पेटीत उरले ते मुख्यतः पदक आणि कागद.

पदक म्हणजे राज्यसत्तेने दिलेली पावती. ही पावती कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हेही पाहावे. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावची लढाई झाली. जुन्या लढायांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झाले ते 1851 साली, तेहेतीस वर्षांनी. त्यात कोरेगावची स्वतंत्र पट्टी होती. परंतु ते पदक तोवर जिवंत राहिलेल्यांसाठीच होते. जे रणात पडले त्यांना केवळ स्तंभावरची अक्षरे लाभली. तेथे कोरलेल्या कंपनीच्या 49 मृतांपैकी 22 नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. त्या प्रत्ययावरूनच ती महारांची नावे म्हणून ओळखू येतात. नाव कोरलेले नसते तर पुरावाही उरला नसता. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा त्यांनी एका पुराव्याला राजकीय अर्थ दिला.

पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकाची गोष्ट अधिक बोलकी आहे. लढणाऱ्या सैनिकाला ते चांदीचे मिळाले. ओझी वाहणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या हिंदी आणि चिनी मजुरांच्या तुकड्यांना तेच पदक ब्राँझचे मिळाले. युद्ध एक, पण श्रमाची प्रतवारी धातूत उतरली. संग्राहकाला ब्राँझचे पदक दुर्मीळ म्हणून मोलाचे वाटते. त्या दुर्मीळतेमागची उतरंड त्याच्या सूचीत येत नाही.

या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. घरच्या अडचणीत पदक सोनाराकडे गेले की चांदीचे पैसे येतात, नाव मात्र आटून जाते. आमच्या इतिहासाची कितीतरी पाने अशी मुशीत गेली असतील.

पण आपल्याही दृष्टीची तपासणी झाली पाहिजे. पदक भिंतीवर लावून पराक्रमाचा अभिमान बाळगणे सोपे आहे. इंग्रज सरकारने पदके दिली आणि 1892-93 च्या सुमारास महारांची भरतीही थांबवली. 1917 मध्ये गरज पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली आणि 1921 मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली 1941 साली, पुन्हा महायुद्धातच. बोलवायचे, लढवायचे आणि घरी धाडायचे, असा हा क्रम आहे. पदकात हक्क अनुस्यूत नव्हता. शिवाय परमुलखातून आणलेली वस्तू कोणा दुसऱ्या हरलेल्या माणसाच्या घरातली असू शकते, हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे. लुटल्या गेलेल्यांनी तो टाळणे शोभत नाही.

मग या वस्तूंचे खरे मोल कशात आहे? त्याचे उत्तर गोपाळबाबा वलंगकरांनी दिले. महाडजवळच्या रावढळचे हे सैनिक 1886 साली निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झाले. 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले आणि 1894 मध्ये भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. केलेली चाकरी हा त्या अर्जाचा आधार होता. सरकारची पावती त्यांनी सरकारपुढेच मागणी म्हणून ठेवली. पेन्शनीचा रोख पैसा गावाच्या बलुत्यावर अवलंबून नव्हता, आणि पलटणीच्या शाळेने अक्षर दिले होते. सुभेदार रामजी सकपाळांनी अशाच शाळेत शिकवले आणि निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच काढला. युद्धावरून घरी आलेल्या सामानात सर्वांत टिकाऊ ठरले ते हे अक्षर.

म्हणून आपला संग्रह वेगळा हवा. पदकाबरोबर डिस्चार्जचा कागद, पेन्शनीचे पुस्तक, पत्रे आणि अर्जांच्या नकला जपाव्यात. कडेवरचे नाव वाचून गाव, पलटण आणि वर्ष वहीत उतरवावे. माघारी घर चालवणाऱ्या आणि पुढे ती पेटी सांभाळणाऱ्या बाईचे नावही तेथे असावे. सरकारने तिच्यासाठी पदक काढले नव्हते. वस्तू विकणे भागच पडले तर कागद तरी विकू नये.

थिबाचे सिंहासन मागायला एक देश होता. शिपायाचे नाव मागायला त्याचीच नातवंडे-पतवंडे आहेत. त्यांनी ते वाचले नाही, तर दुसरा कोणी त्या पदकाचे फक्त वजन करील.