किपलिंगचे ओझे आणि सुलूचा करार

रुडयार्ड किपलिंग यांची 'द व्हाइट मॅन्स बर्डन' ही कविता आपल्या वर्गांत बहुधा ब्रिटिश हिंदुस्थानच्या संदर्भात शिकवली जाते. कवी मुंबईत जन्मलेला, तेव्हा हा समज स्वाभाविक. पण तो चुकीचा आहे. फेब्रुवारी १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कवितेच्या उपशीर्षकातच अमेरिका आणि फिलिपाइन्स बेटांचा उल्लेख आहे. स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन ही बेटे घेण्याच्या तहाला अमेरिकेच्या सिनेटने त्याच महिन्यात मान्यता दिली.

कवितेची घडण पक्की आहे, हे नाकारता येत नाही. प्रत्येक कडवे त्याच आज्ञेने सुरू होते आणि पाहता पाहता घेणारा हा देणारा ठरतो. जित लोकांच्या तोंडी एकच तक्रार, तीही कवीने घातलेली. मार्क ट्वेन यांनी १९०१ मध्ये 'टु द पर्सन सिटिंग इन डार्कनेस' या निबंधात या ढोंगाची बोचरी खिल्ली उडवली. तरी अंधारात बसलेला माणूस तेथेही ट्वेन यांच्याच शब्दांत बोलतो.

त्याचा स्वतःचा शब्द शोधायचा, तर फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडील सुलूच्या सुलतानाशी जनरल बेट्स यांनी २० ऑगस्ट १८९९ रोजी केलेला करार वाचावा. इंग्रजी मसुद्यात अमेरिकेचे सार्वभौमत्व नमूद आहे; तौसुग भाषेतील मसुद्यात तसे नाही. इस्लाम धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचनही त्यात होते. १९०४ मध्ये अमेरिकेने हा करार एकतर्फी मोडला. मार्च १९०६ मध्ये बुद दाजो डोंगरावर शेकडो मोरो मुसलमान, बायकामुलांसह, मारले गेले. त्यावर ट्वेन यांनी लिहिले ते मात्र त्यांच्या मृत्यूनंतरच छापले गेले.